जरा खिडकीत बसू का?

उन्हातान्हात फिरणारा माणूस अनोळखी दारात उभा राहून पाणी मागतो. त्यात वावगं काही नाही, सोलापूरच्या उन्हात तर नाहीच नाही. आमचे घरमालक मात्र खिडकी मागायचे. बेल दाबायची, आतनं कुणी आलं की हात जोडायचे आणि म्हणायचं, "नमस्कार. तुमच्या खिडकीत जरा बसू का?"

समोरचा आधी त्यांच्याकडं बघायचा, मग त्यांच्या काखेतल्या लाकडी स्टुलाकडं, आणि मग माझ्याकडं. मी मागं उभी. ह्या गृहस्थांची नि माझी काही ओळख नाही, असं तोंड करायचा मी पुष्कळ प्रयत्न करायची. पण हातात त्यांचीच छत्री असायची, त्यामुळं ते जमायचं नाही.

मला बरोबर का नेतात, ते त्यांनी पहिल्याच रविवारी सांगून टाकलं होतं. "एकट्या म्हाताऱ्याला कोण घरात घेतंय? बाईमाणूस संगं असलं की लोक दार उघडत्यात. तू चल. तुझं तोंड गरीब हाय." माझं तोंड गरीब आहे हे मला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. वैरागला आमच्या घरी तर माझ्या तोंडाबद्दल अगदी वेगळं बोलतात.

मी तेव्हा सोलापुरात एका दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करायची. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या एका गल्लीत, मालकांच्या माडीवरची खोली भाड्यानं घेतली होती. खाली मालक आणि त्यांच्या बायको, ज्यांना सगळी गल्ली अम्मा म्हणायची. मुलगा पुण्याला. घर मूळचं तेलुगू बोलणारं, पण पिढ्यान् पिढ्या सोलापुरात गेलेल्या, त्यामुळं मराठी आमच्या वैरागसारखीच. चिडले की मात्र मालक तेलुगूत जायचे. ते काय म्हणतात हे मला कधी कळलं नाही, म्हणून आमचं भांडण असं कधी झालंच नाही.

खोली बघायला गेले तेव्हा मला वाटलं, घर खचलंय. खालच्या घराच्या रस्त्याकडच्या खिडक्या जमिनीपासून वीतभर उंचीवर होत्या. खिडकी संपायची तिथं माझी कंबर. विचारलं तर मालक म्हणाले, "घर खचलं न्हाय. माणसं उठून उभी ऱ्हायली." मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्या आज्याच्या वेळी घरात हातमाग होते. विणणारा खड्ड्यात पाय सोडून जमिनीला लागून बसायचा, आणि उजेड कापडावर पडला पाहिजे म्हणून खिडक्या खाली. पुढं माग गेले, खड्डे बुजवून वर फरशी घातली. खिडक्या होत्या तिथंच राहिल्या.

त्यातल्या एका खिडकीत अम्मा बसायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं, हात विड्या वळतायत आणि तोंड गल्ली चालवतंय. कुणाची पोरगी बघायला पाहुणे येणार, कुणाच्या नळाला पाणी आलं, कोण कुणाशी बोलत नाही आणि त्याला कुणी बोलतं करायचं, सगळं त्या वीतभर उंचीवरनं ठरायचं. भाजीवाली गाडा थांबवून जमिनीवर बसायची आणि अम्मांशी समोरासमोर बोलायची. मी कामावरनं आले की मलाही बाहेर बसवून घ्यायच्या. "आज किती हाडं बघितलीस?" हा रोजचा प्रश्न.

मग त्यांचे गुडघे गेले. एक्स-रे मीच काढला. दोन हाडांच्या मधे जी फट दिसायला पाहिजे ती दिसेचना. डॉक्टरांनी सांगितलं, जमिनीवर बसणं आजपासनं बंद. मालकांनी पलंग आणला. अम्मा पलंगावर बसल्या, खिडकीकडं बघितलं, आणि त्यांना दिसले नुसते पाय. चपला, सायकलची चाकं, शेळीचं पोट. माणूस कुठं नाहीच.

सुरुवातीला लोक वाकून बोलायचे. पण रोज उठून कमरेत वाकणार कोण? ज्याला त्याला आपापली कामं. हळूहळू वाकणं थांबलं, आणि अम्मांनी एक दिवस तोंड भिंतीकडं केलं. 'हूं' आणि 'नको' एवढ्या दोन शब्दांवर बाई दिवस काढायला लागली. भाकरी अर्ध्यावर आली, विड्यांचं सूप खुंटीला गेलं. मी वरनं ऐकायची तर खाली नुसती भांड्यांची वाजवावाजवी, बोलणं नाही.

मालक एका संध्याकाळी माझ्या जिन्यात येऊन बसले. म्हणाले, "ह्या घरात मागाचा खडखडाट हुता. तो गेला तर हिचा आवाज हुता. आता काय बी न्हाय. मला भ्या वाटाय लागलंय बाई. ही अशीच गप गप निघून जाईल." एवढा हजरजबाबी माणूस, पण त्या दिवशी त्यांना जिन्यातनं उठायचंही सुचत नव्हतं.

खिडक्यांच्या चौकटी वाळवीनं खाल्ल्याच होत्या. आज ना उद्या बदलायच्याच होत्या. मालकांनी ठरवलं, बदलायची तर अशी खिडकी आणायची की अम्मांचं तोंड परत गल्लीकडं फिरलं पाहिजे. पुण्याचा मुलगा फोनवर म्हणाला, कशाला एवढा खटाटोप, बाहेर एक कॅमेरा लावू, आत टीव्हीवर गल्ली दिसेल. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ती बघंल रे. पण तिला कोण बघंल?" आणि फोन ठेवला.

दुकानात जाऊन खिडकी पसंत करणं त्यांना मंजूर नव्हतं. आम्ही एकदा गेलो होतो. दुकानदारानं ओळीनं नमुने दाखवले. सरकणारी, बाहेर उघडणारी, आत उघडणारी, वरनं कलणारी. मालक प्रत्येक खिडकीतनं डोकावून बघायला लागले. दुकानदार म्हणाला, "काका, त्याच्या मागं भिंत हाय." मालक म्हणाले, "तेच म्हणतोय मी. भिंत बघायला खिडकी कशाला घ्यायची? साडी घेताना बाई खांद्यावर टाकून बघती. खिडकी बसून बघायची." आणि तिथनं ही रविवारची मोहीम सुरू झाली. जिथं जिथं वेगळी खिडकी दिसेल, त्या घराची बेल.

स्टूल त्यांनी मुद्दाम करवून घेतलं होतं. अम्मा पलंगावर बसल्या की त्यांचे डोळे जिथं येतात, बरोबर तिथंच त्या स्टुलावर बसल्यावर मालकांचे डोळे यायचे. मालक उंच, अम्मा बुटक्या, म्हणून स्टूल चांगलंच ठेंगणं. परक्याच्या दिवाणखान्यात त्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले मालक बघून घरातली बारकी पोरं खुदुखुदु हसायची. मालकांना त्याचं काही नाही. ते डोळे मिटून आधी खिडकी उघडायचे, लावायचे, परत उघडायचे. मागाच्या माणसाला बिघाड आधी ऐकू येतो म्हणायचे. मग मला बाहेर पिटाळायचे. मी रस्त्यावर उभी राहायची आणि ते आतनं साध्या, घरातल्या आवाजात विचारायचे, "बाई, आज भाजी काय?" मी तितक्याच साध्या आवाजात सांगायचं, "मेथी." एकमेकांचं तोंड दिसलं पाहिजे, आणि दोघांनाही ओरडावं लागता कामा नये. खिडकी पास.

एक सोडली तर पास झालेली खिडकी मला आठवत नाही. होटगी रोडकडच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सरकत्या काचांची खिडकी होती. मी खाली उतरून उभी राहिले. वरनं काही ऐकू येईना. शेवटी मालक ओरडले, "भाजी काय?" आणि माझ्याआधी वॉचमननं सांगितलं, "वांगी." खाली आल्यावर मालक म्हणाले, "मजला जाऊ दे. पण ती सरकणारी बघितलीस का? एक पान उघडलं की दुसऱ्याच्या मागं जाऊन लपतंय. अर्धी खिडकी जल्मात उघडायची न्हाय. हिला अर्धी गल्ली नको." एका बंगल्यात काळ्या काचा होत्या. मी बाहेर उभी, आतनं आवाज नाही, हालचाल नाही, काचेत मला मीच दिसतेय. उगाच उभं राहून काय करायचं म्हणून मी केस नीट केले, पदर सारखा केला, दात बघितले. मालक बाहेर येऊन म्हणाले, "तुझ्या खालच्या दातात कोथिंबीर हाय."

एका रिटायर झालेल्या रेल्वेतल्या काकांकडं मात्र आम्ही जवळजवळ ठरवलंच होतं. लाकडाची, दोन पानांची, सताड बाहेर उघडणारी. भाजीची परीक्षा झाली, उत्तम झाली. मालक खूश होऊन स्टूल उचलायला लागले तर ते काका म्हणाले, "तुमची गल्ली केवढी हाय?" मालकांनी सांगितलं. काका म्हणाले, "मग नको. आमच्या ह्या खिडकीनं दोन पाव्हण्यांची कपाळं फोडल्यात. त्यातला एक जावई हुता." मालकांनी हात जोडले. कुणाच्याही घरातनं निघताना ते खिडकीला नावं ठेवायचे नाहीत. एवढंच म्हणायचे, "चांगली हाय. पण आमची न्हवं."

माप घ्यायला त्यांच्याकडं कधी पट्टी नसायची. खिशात सुताची गुंडी. जे मोजायचं त्याला सूत लावायचं आणि गाठ मारायची. घरी खुंटीवर अशा गाठी मारलेल्या सुतांचा झुबका होता. पट्टीवर त्यांचा भरवसा नव्हता. "पत्र्याची पट्टी उन्हात वाढती. जगात दोनच जाती हायत बाई. वाढणारे आन् आटणारे. दार पावसाळ्यात वाढतंय. पाव्हणा आला की भात आटतोय. माझंच बघ, लग्नात धोतर आखूड पडलं हुतं, तेच आता जमिनीवर लोळतंय." मी म्हटलं, आणि हाडं? तर म्हणाले, "ते तू सांग. तू रोज बघतीस." मी विचार केला, म्हाताऱ्या माणसांची पाठीची हाडं खरंच दबतात. तसं सांगितलं तर ते दोन दिवस गल्लीत ज्याला त्याला सांगत सुटले की शास्त्राचं मत आपल्याच बाजूनं आहे.

मालकांच्या मापाला सोलापुरात मान होता, हे इथं सांगायला पाहिजे. पुढं यंत्रमागावर त्यांनी जन्म काढला, आणि चादरीचं माप त्यांनी सांगितलं की मोजायची गरज नाही असं जुने कारखानदार म्हणायचे. ह्या एका गोष्टीचा त्यांना गर्व होता. बाकी कशाचा नसावा.

खिडकी शेवटी सापडली ती वैरागला, आमच्याच घरी. मी सुट्टीला निघाले तर हे स्टूल घेऊन एसटी स्टँडवर हजर. "तुमच्यात खिडकी हाय का न्हाय?" आता खिडकी कुणाच्यात नसते? माझी आई दारातच चाट पडली. मला आत ओढून म्हणाली, "ह्ये पाव्हणं खिडकीत बसाय आल्यात व्हय? खुर्ची द्यावी का न्हाय मग?" मी म्हटलं, त्यांची खुर्ची त्यांनी आणलीय.

आमच्या घराची खिडकी म्हणजे काही बघण्यासारखी नाही. आत उघडणारी दोन पानं, उभे गज, आणि बाहेरच्या बाजूला एक रुंद शहाबादी फरशी बसवलेली, ज्यावर आई पापड-कुरडया वाळवते. मालक स्टुलावर बसले. मी बाहेर जायला निघाले, तोवर आईच बाहेर गेली, बाजरीची पाटी घेऊन. आत पाहुणा बसलाय, त्याच्याशी दोन शब्द बोलावेत म्हणून तिनं त्या फरशीवर कोपरं टेकली. "सोलापुरात पाणी किती दिसानी येतंय वो?" म्हणाली. आणि मग दोघांचं जे सुरू झालं ते संपेचना. पाण्यावरनं ज्वारीवर, ज्वारीवरनं माझ्या लग्नावर. मी आत भाकरी थापत होते, कडक भाकरी वाळून खडंग झाल्या तरी आई काही कोपरं उचलत नाही.

मालक बोलता बोलता उठले. खिशातनं सुताची गुंडी काढली, बाहेर आले, आणि जमिनीपासून आईच्या कोपरापर्यंत सूत लावून गाठ मारली.

"अगंबाई, माज्या कोपराचं माप कशाला?" आई माझ्याकडं बघायला लागली.

"बाहेरचं माणूस टेकलं पायजे," मालक म्हणाले. "आमी येड्यासारखं आतल्या माणसाचंच माप घेत हिंडलाव. टेकायला जागा असली की माणूस थांबतंय." परत येताना एसटीत त्यांनी मला खिडकीकडची जागा दिली नाही. स्वतः बसले आणि शेजारच्या एका अनोळखी माणसाला आईच्या कोपराची गोष्ट सांगत राहिले.

गवंडी आला. खालची जुनी खिडकी काढून ती जागा बुजवली, वर भिंत फोडून नवीन जागा केली, बाहेर फरशी बसवली, आईच्या कोपराइतकी उंच. वाळवी नको म्हणून चौकट ॲल्युमिनियमची. पानं आत उघडणारी, म्हणजे जावयांना धोका नाही. काच साधी, पारदर्शक, पण न फुटणारी. अम्मांना ह्यातलं सगळं सांगून झालं होतं. त्यांनी 'हूं' म्हटलं होतं. भिंत फोडताना धूळ उडते म्हणून त्यांचा पलंग पलीकडच्या भिंतीला लावला होता, आणि त्या पाठ करून झोपल्या होत्या. मालक रोज विचारायचे, बघायचं का कुटपर्यंत आलंय? "नको."

खिडकी करणारा अक्कलकोट रोडचा. तो म्हणाला, मी येऊन माप घेतो. मालकांनी त्याला हात जोडले. "माप मी देतो. सोलापूरला मापं दिल्यात मी." दिलं.

रविवारी टेम्पोतनं खिडकी आली. गल्ली जमली. खिडकीवाला आणि त्याच्याबरोबरचा माणूस, दोघांनी ती उचलून भिंतीला लावली. जाईना. तिरकी करून बघितली. जाईना. खिडकीवाल्यानं पट्टी काढली, खिडकी मोजली, भिंतीतली जागा मोजली, परत खिडकी मोजली.

"चाचा," तो म्हणाला, "ये नै बैठती. चारों तरफ से चार-चार बोटां ज्यादा है. तुमीच दिया सो माप है ये."

"व्हय," मालक म्हणाले. "चार बोटं जास्तीच दिलं मी. आटायला."

"क्या?"

"आटायला. ताणा, म्हंजे उभं सूत, घेताना जास्तीचा घ्यायचा असतोय. मागावरनं उतरवलं की कापड सैल पडतंय, आटतंय, मग बरोबर मापात..." आणि इथं त्यांचा आवाज बारीक होत गेला, कारण आपण काय बोलतोय ते त्यांना स्वतःला ऐकू आलं. ते त्या काचेकडं बघत राहिले. हात लावून बघितला.

गल्लीत कुणी हसलं नाही. हसण्यासारखा त्यांचा चेहरा नव्हता. ज्या माणसाच्या शब्दावर कारखाने चादरी विणायचे, तो भर दुपारी सगळ्यांच्या देखत चुकला होता, आणि चुकला होता ते मापात. मला तर तिथनं पळून जावंसं वाटलं. मी मनात म्हणत होते, कुणीतरी काहीतरी बोला रे.

तेवढ्यात आतनं आवाज आला. आधी वाटलं अम्मांना ठसका लागला. मी धावत आत गेले. बाई पलंगावर उठून बसली होती, पदर तोंडाला लावलेला, आणि सगळं अंग गदगदा हलत होतं.

"एवंडी," त्यांनी हाक मारली. आपल्यात जसं 'अहो' म्हणतात, तसं त्यांच्यात ते. "एवंडी, रातभर बादलीत भिजत घाला की तिला. सकाळपत्तुर आटंल."

मग मात्र गल्ली फुटली. खिडकीवाला भिंतीला धरून खाली बसला. फोडलेल्या भिंतीच्या भगदाडातनं शेजारणीनं आत डोकं घातलं आणि विचारलं, "काय म्हणाल्या अम्मा? मला ऐकू नाही आलं." अम्मा वळल्या. कितीतरी दिवसांनी मी त्यांचं तोंड त्या बाजूला बघत होते. म्हणाल्या, "ये हिकडं, टेक. पयल्यापासनं सांगते."

काच कापता येत नव्हती, म्हणून भिंत कापायची ठरली. गवंडी दुसऱ्या कामात अडकलेला. तो येईपर्यंत भगदाडावर एक चादर टांगली. पण चादर खाली राहीलच कशाला? जो तो कोपरा उचलून आत डोकं घालायचा, "अम्मा, काय झालं म्हणे मालकांचं?" आणि बाहेरच्या फरशीवर कोपरं टेकायचा. अम्मा सांगायच्या. दर वेळी गोष्ट थोडी वाढायची. चार बोटांची वीत झाली. मग मालकांनी खिडकी उन्हात वाळत घातली. मग काचेला खळ लावायला निघाले होते, ते मी वेळेवर अडवलं, असंही आलं. भाकरी अर्ध्यावरनं पूर्ण झाली, आणि एक दिवस खुंटीवरचं सूप खाली आलं.

मालकांचं मात्र मला बघवत नव्हतं. जुने मागवाले सायकली वळवून मुद्दाम गल्लीतनं जायचे. "का बे, आटली का काच?" मालक सकाळी बाहेर पडायचे ते जेवणापुरते यायचे. स्टूल माडीच्या जिन्याखाली टाकून दिलं होतं. मला वाटलं, अम्मा उठल्या आणि हे बसले. एकदा मी न राहवून अम्मांना म्हणाले, आता पुरे करा की, त्यांना लागत असेल. अम्मा म्हणाल्या, "मी कुटं सांगते? लोक इचारत्यात." ते खरंही होतं.

नंतर काय घडलं ते मी माडीवरनं बघितलं. मालक बाहेरनं आले. त्यांचा एक जुना दोस्त ओट्याजवळ उभा होता. त्यानं तोच प्रश्न टाकला. मालक पुढं निघाले होते, ते थांबले. चादरीमागं अम्मांची चाहूल लागत नव्हती, दुपारची वेळ, कुणी आलं नव्हतं. मालकांनी एकदा त्या दोस्ताकडं बघितलं, एकदा चादरीकडं. मग त्याच्या दंडाला धरलं, फरशीपाशी नेऊन उभं केलं, आणि म्हणाले, "मला काय इचारतोस? तिला इचार. बरोबर तीच सांगती."

पुढं भिंत कापली, खिडकी बसली. भाजीची परीक्षा मी घेतली, अम्मा आत, मी बाहेर. उत्तर 'मेथी' असं ठरलेलं होतं, पण अम्मांनी भाजीपासनं सुरुवात करून मला अर्धा तास टेकवून ठेवलं.

मग मला बार्शीला नोकरी लागली आणि खोली सुटली. मधे बराच काळ जाणं झालं नाही. गेल्या उन्हाळ्यात कामानं सोलापूरला गेले होते, म्हणून गल्लीत शिरले. लांबनंच खिडकी दिसली, गल्लीच्या मानानं अवाढव्य. मालक बाहेर उभे. पार वाळलेले. त्यांच्यासमोर कुरिअरचा माणूस, पाठीवर पिशवी, निघायच्या घाईत.

"पाच मिंट," मालक त्याला म्हणत होते. "तुमी नवीन दिसताय. ही खिडकी एवढी मोठी का, ठाव हाय का तुमाला?" त्यानं मान हलवली. "मग टेका हितं." आणि चौकटीवर बोटं वाजवून आत म्हणाले, "अगं, ह्यांना ठाव न्हाय."

अम्मा पलंगावर बसलेल्या. आता त्यांनाही पहिल्यासारखं सगळं आठवत नाही. सुरुवात केली, मधेच थांबल्या, डोळे बारीक करून कुठंतरी हरवल्या.

"मग मी काय म्हणालो?" मालकांनी हळूच विचारलं.

"तुमी म्हणालाव," अम्मांचा चेहरा उघडला, "आटायला दिलं म्हणून. काच. आटायला." आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. तो कुरिअरवाला आधी मालकांकडं बघायला लागला, हसावं की नाही कळेना. मालकांनी त्याला मान हलवून परवानगी दिली. मग तोही हसला, हसत हसत गाडीला किक मारली आणि गेला.

मी पुढं होऊन हाक मारणार होते. पण मालक खिडकीला पाठ लावून गल्लीच्या तोंडाकडं बघत होते, आणखी कुणी येतंय का.